दीपमालाची परवानगी

प्रतिभा गायधनींचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा त्यावर लाल पेनानं एवढंच लिहिलं होतं: 'निवडीचे मूळ पत्र जोडावे.' मूळ पत्र त्यांनी पहिल्याच अर्जाला जोडलं होतं. ते परीक्षा विभागाच्या कपाटात होतं, आणि त्या कपाटाची किल्ली ज्यांच्या खिशात होती त्या वेणीमाधव शुक्लांनीच हा शेरा मारला होता.

"अहो शुक्ल, पत्र तुमच्याकडेच आहे."

"असेल ना मॅडम. पण ते पहिल्या अर्जाला आहे. हा अर्ज वेगळा."

"मग तिकडचं काढून इकडे जोडा!"

"फाइलला लागलेला कागद काढता येत नाही," शुक्ल शांतपणे म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला. "घ्या, गार होतोय."

प्रतिभा मॅडम चहा न घेताच बाहेर पडल्या.

खरं तर त्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापक. एकवीस वर्षं मागणी-पुरवठा शिकवत होत्या आणि खेळाशी त्यांचा संबंध इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आठवड्यातून दोनदा चालण्यापुरता. पण गेल्या जूनमध्ये परिपत्रक आलं की प्रत्येक महाविद्यालयात 'खेळाडू विद्यार्थी साहाय्य कक्ष' असलाच पाहिजे. प्राचार्यांनी मीटिंगमध्ये सगळ्यांकडे पाहिलं, सगळ्यांनी खाली पाहिलं. मॅडम नेमक्या चष्मा पुसत होत्या, त्यामुळे खाली बघायचं त्यांना सुचलं नाही. झालं. जिन्याखालची खोली मिळाली. तिथे गॅदरिंगचे पडदे आणि मोडकी बाकं होती, ती अजूनही तिथेच होती, फक्त दारावर पाटी आली. सोबत बावीस रकान्यांचा एक फॉर्म आला. 'खेळाडूची ध्येये', 'नेतृत्वगुण', 'आवडते व्यक्तिमत्त्व' असं बरंच काही त्यात भरून घ्यायचं होतं.

ऑगस्टमध्ये व्यक्तिमत्त्व विकासाची कार्यशाळा झाली. विषय 'वेळेचे व्यवस्थापन'. व्याख्याते द्वारका चौकातल्या वाहतुकीत अडकले आणि एक तास वीस मिनिटं उशिरा आले. तोवर चाळीस खेळाडू सराव बुडवून सभागृहात ताटकळत बसले होते. तिसऱ्या रांगेतली एक काटकुळी मुलगी बसल्या बसल्या गाढ झोपली होती. प्राचार्यांनी नंतर बोलावून सांगितलं, "अहवालातला फोटो बदला, त्यात एक मुलगी झोपलेली दिसतेय."

ती दीपमाला गतीर. घोटीच्या पलीकडच्या एका खेड्यातली, घरची भातशेती. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती, हॉस्टेलवर राहायची आणि दहा किलोमीटर अशी पळायची, की बघणाऱ्याला आपलाच श्वास लागल्यासारखा वाटावा. बोलायची मात्र नाही. काही विचारलं की "हो मॅडम." अभ्यास झाला? हो मॅडम. काही अडचण? नाय मॅडम. फॉर्मवर 'ध्येये' या रकान्यात तिनं 'पळणे' लिहिलं होतं, आणि 'आवडते व्यक्तिमत्त्व'पुढे 'आई'.

नोव्हेंबरात तिची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. स्पर्धा परराज्यात, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. आणि अगदी त्याच दिवशी संख्याशास्त्राचा पेपर. त्या एका पेपरची वेगळी परीक्षा घ्यावी, एवढीच परवानगी मिळवायची होती. नियमात तशी तरतूदही होती. तरीही तीन आठवडे मॅडमच्या तोंडाला फेस आला. प्राचार्य म्हणायचे विभागप्रमुखांची सही आणा, विभागप्रमुख म्हणायचे आधी प्राचार्यांचा शेरा आणा, आणि या दोघांच्या मध्ये शुक्ल चहाचा कप घेऊन बसलेले. चौथ्या अर्जाला मॅडमनी निवडपत्राची प्रत साक्षांकित करून, वर 'मूळ पत्र आपल्याच फाइलमध्ये' असं हिरव्या शाईत लिहून लावली. बुधवारी दुपारी परवानगी आली.

मॅडमना इतका आनंद झाला की त्या स्वतः कागद घेऊन मैदानावर गेल्या. प्रशिक्षक यादव बोडके सरांनी तो दोनदा वाचला आणि चक्क मॅडमना वाकून नमस्कार केला.

"दीपमाला! ये इकडं! आलं बघ परवानगीचं!"

ती प्रेक्षकांसाठीच्या पायऱ्यांवर बसली होती, तिथून उठून खाली उतरायला लागली. मॅडम हसत बघत होत्या. मग त्यांचं हसू हळूहळू थांबलं. मुलगी कठडा धरून, तिरकी होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होती. मॅडमच्या सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनआधी तशाच उतरायच्या.

"पायाला काय झालंय?"

"काय नाय मॅडम."

"दीपमाला, मी तीन आठवडे या कागदामागे चपला झिजवल्यात. मला खरं सांग."

बोडके सर घड्याळ लावायला पलीकडे गेले तशी ती हळूच म्हणाली, "नडगी दुखती. दिवाळीच्या सुट्टीपासून."

"आणि तू बोलली नाहीस?"

"सरांना एकदा बोलले. ते म्हनले, बर्फ लाव, दुखणं डोक्यात असतं."

"मला का नाही सांगितलंस? मी कशाला बसलेय त्या खोलीत?"

दीपमालानं परवानगीच्या कागदाकडे बोट दाखवलं. "तुम्ही रोज त्या हापिसात हेलपाटे घालत होत्या. शुक्ल सरांशी भांडत होत्या. सगळ्या कॉलेजाला माहीत झालं होतं. मग मी कोणत्या तोंडानं सांगू, की मला पळताच येत नाय?"

मॅडमना राग आला होता, पण तो नक्की कुणावर काढायचा तेच समजत नव्हतं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "स्कूटरवर बस."

डॉक्टर अपूर्वा दीक्षित खेळाडूंच्या दुखापती बघायच्या. त्यांनी नडगीवर एका जागी बोट टेकवलं आणि दीपमाला खुर्चीतून उडालीच. दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. हाडाला बारीक तडा होता. दोन महिने पळणं बंद, पायाला आधाराचा बूट.

"अजून दोन आठवडे पळाली असती तर हाड मोडलंच असतं," डॉक्टर म्हणाल्या. मग त्या दीपमालाकडे वळल्या. "सकाळी काय खातेस?"

"सरावाला साडेपाचला जाते. साडेसातला लेक्चर असतं. मेस साडेआठला उघडती."

"म्हणजे पहिला घास कधी?"

"अकराला. कधी बारा होत्यात."

"पाळी वेळेवर येते?"

दीपमालानं मान खाली घातली. "पाच महिने झाले, आली नाय. मैत्रिणी म्हनल्या, पळणाऱ्या पोरींचं असंच असतं."

"असंच नसतं," डॉक्टर म्हणाल्या. "अंगाला पुरेसं अन्न मिळत नाही, म्हणून पाळी थांबते आणि हाडंही कच्ची पडतात. तुझा पाय उगाच नाही गेला."

मॅडम शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. बावीस रकाने, त्या मनात म्हणाल्या. बावीस रकाने भरून घेतले मी हिच्याकडून, आणि ही सकाळी काय खाते हे एकदाही विचारलं नाही. त्यांना स्वतःचाच इतका संताप आला की डॉक्टरांनी औषधं समजावून सांगितली त्यातलं अर्धं त्यांच्या डोक्यावरून गेलं आणि परत विचारावं लागलं.

बोडके सरांना सांगणं त्याहून अवघड गेलं. ते रिपोर्ट हातात घेऊन मैदानाच्या कडेला उभे राहिले.

"मॅडम, तुम्ही अर्थशास्त्र शिकवा. पाय मला कळतात. स्पर्धा दहा दिवसांवर आली, आता माघार घ्यायची? अकरावीपासून चार वर्षं घासलीयेत मी हिच्यासाठी. हिच्या घरी जाऊन भागीबाईंना, हिच्या आईला, मी शब्द दिलाय की पोरीला विद्यापीठाकडून पळवीन."

"हाड मोडल्यावर काय शब्द देणार त्यांना?"

"मीही पळालोय मॅडम दुखापत घेऊन!"

"म्हणूनच तुम्हाला आता जिना चढताना दर मजल्यावर थांबावं लागतं, नाही का?"

मॅडमना आपलं बोलणं लगेच खटकलं, पण शब्द तोंडातून निघून गेला होता. तेवढ्यात आधाराचा बूट घालून बाकावर बसलेली दीपमाला उठून उभी राहिली.

"सर, मी नाय पळणार."

"तुला मॅडमनी शिकवलं का हे बोलायला?"

"नाय सर. मी दिवाळीपासून बोलायचं म्हणत होते. मला लय वाईट वाटतंय, पण मी नाय पळणार आता. पेपर देणार. गेल्या वर्षी गणित राहिलं होतं, ते काढताना किती त्रास झाला मला. आता संख्याशास्त्र राहू द्यायचं नाय."

एवढं सलग ती पहिल्यांदाच बोलली होती. बोडके सरांनी रिपोर्टची घडी करून खिशात घातली आणि ते धावपट्टीवरचे खुणेचे शंकू गोळा करायला निघून गेले. त्या आठवड्यात ते दोघींशीही बोलले नाहीत. संघातली दीपमालाची जागा दुसऱ्या कॉलेजच्या मुलीला गेली. संघाची नवी यादी आली त्या दिवशी दीपमाला जिन्याखालच्या खोलीत येऊन मोडक्या बाकावर बसली आणि तासभर रडली. मॅडमनी समजूत घातली नाही. पाण्याची बाटली पुढे ठेवली आणि पेपर तपासत बसल्या.

मग त्या परीक्षा विभागात गेल्या.

"शुक्ल, दीपमाला गतीर नेहमीच्याच तारखेला पेपर देणार आहे."

"नाही देऊ शकत," शुक्ल म्हणाले. "तिला वेगळ्या परीक्षेची परवानगी आहे."

"ती परवानगी मीच आणली. आता नको आहे. रद्द करा."

"रद्द करायचा नमुना नाही मॅडम. आजवर कुणी मिळालेली परवानगी परत केलेली नाही. यादीतून तिचं नाव वगळलं, बैठक क्रमांक गेला."

"मग आता?"

"विद्यार्थिनी स्पर्धेला गेली असं धरून तिची परीक्षा जानेवारीत होईल."

"पण ती गेलेली नाही! ती इथे आहे! पायात बूट घालून तुमच्या डोक्यावरच्या मजल्यावर लायब्ररीत बसून अभ्यास करतेय!"

मॅडमचा आवाज इतका चढला की शेजारच्या विभागातली माणसं दारात येऊन उभी राहिली. एकवीस वर्षांत त्यांना असं ओरडताना कुणी पाहिलं नव्हतं. "तिला पळायला जायचं होतं तेव्हा तुम्ही सोडत नव्हता, आणि आता बसायचंय तर बसू देत नाही! तुम्हाला नक्की काय हवंय?"

शुक्लांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी ड्रॉवरमधून छापील यादी काढली, शेवटच्या नावाखाली पेनानं स्वच्छ अक्षरात 'गतीर दीपमाला' लिहिलं, पुढे क्रमांक घातला आणि बाजूला सही केली.

"असं करता येत होतं?" मॅडमनी विचारलं.

"करता येत नाही," शुक्ल म्हणाले. "पण केलं. आता कुणाला सांगू नका, आणि एक अर्ज देऊन ठेवा. तारीख कालची टाका."

पेपरच्या दिवशी कळलं की हाताने लिहिलेल्या त्या एका क्रमांकाची बैठक तिसऱ्या मजल्यावर आली आहे. लिफ्ट बंद. मॅडम पुन्हा शुक्लांकडे निघाल्या, पण दीपमालानं त्यांचा हात धरला. "राहू द्या मॅडम. आता परत कागद नको." ती कठडा धरून वर चढायला लागली. दुसऱ्या मजल्यावर बोडके सर उभे होते. त्यांनी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, तिला हाताचा आधार दिला आणि म्हणाले, "सावकाश. घाई नाही." तिघंही धापा टाकत वर पोचले.

संख्याशास्त्रात तिला बावन्न गुण मिळाले. त्या दरम्यान मॅडमनी मेसवाल्याशी चार वेळा वाद घातला आणि खेळाडूंसाठी सकाळी सात वाजता केळी, दूध आणि उकडलेली अंडी सुरू करून घेतली. पहिल्या दिवशी अंडी आली, केळी आली नाहीत. दुसऱ्या दिवशी केळी आली, पण मेसचं दार साडेसातला उघडलं. तिसऱ्या दिवशी मॅडम स्वतः सातला दारात जाऊन उभ्या राहिल्या. कक्षाचा वार्षिक अहवाल द्यायची वेळ आली तेव्हा प्राचार्यांनी विचारलं, "कार्यशाळा एकच झाली? बाकी काय केलंत?" मॅडमनी मेसचं नवं वेळापत्रक जोडलं. ते 'विषयाशी संबंधित नाही' असा शेरा घेऊन परत आलं. त्यांनी ते तसंच पुन्हा जोडलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी पळायला परवानगी दिली. गवतावर, हळू, फक्त दहा मिनिटं. दीपमालानं आधाराचा बूट काढलेला पाय दोनदा जमिनीवर आपटून बघितला आणि निघाली. आधी पाऊल जपून पडत होतं, मग नीट पडायला लागलं. बोडके सर घड्याळ हातात घेऊन उभे होते. मॅडम त्यांच्या शेजारी, हातात डॉक्टरांची चिठ्ठी.

"दहा झाली," सर म्हणाले.

दीपमाला पळतच होती. पलीकडच्या कोपऱ्यावरून वळताना तिनं यांच्याकडे पाहिलं, हसली, आणि वेग वाढवला.

"अकरा," सर म्हणाले. त्यांनाही हसू येत होतं.

"तुम्ही हसताय काय? थांबवा तिला!" मॅडम ओरडल्या. "ए दीपमाला! दहा म्हणजे दहा! अगं, ऐकू येतंय का तुला?"

आणि साडीच्या निऱ्यांचा घोळ एका हातात वर धरून त्या तिला अडवायला गवतावरून धावत सुटल्या.