काळ्या डागाचं धनुष्य

मित्रांनो, मी एक जुनं धनुष्य आहे. जुनं म्हणजे थकलेलं नव्हे! माझी दोरी खेचायला अजूनही खांद्यात जोर लागतो.

माझा जन्म धारवाडचा, केलगेरीतल्या वेदश्रीअक्काच्या शेडमधला. अक्का विद्यानगरच्या कॉलेजात शिकवते आणि सुट्टीत धनुष्यं बनवते. माझ्या पोटात बांबूच्या पट्ट्या आहेत, त्यांच्यावर फणसाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा आणि सगळ्यांत वर फायबरग्लासची पारदर्शक पट्टी. तो फणस रूपाच्या दारातला. अळणावरकडच्या खेड्यातली ही मुलगी धनुष्य मागायला आली, ती वादळात पडलेल्या त्या झाडाची फळी घेऊनच.

फळी पिवळीधमक होती, पण तिच्यात कुठल्याशा जुन्या खिळ्याचा गंज मुरून काळा डाग पडला होता. रूपाला तिरंदाजी शिकवणाऱ्या शंकरअण्णांनी तो पाहिला आणि नाक मुरडलं.

"वरून सगळं आरपार दिसणार. काळी पट्टी लाव, नाहीतर पापुद्र्याला आधी जाड पॉलिश मार."

"पॉलिशवर इपॉक्सीचा गोंद लावला तर तो पॉलिशला चिकटेल, लाकडाला नाही," अक्का म्हणाली. "दोरी ओढली की पट्टी सुटेल. आणि काळी पट्टी लावायची का, ते रूपा सांगेल."

"अक्का, लपवायचं नाही," रूपा म्हणाली. "डाग पडलाय, चोरी नाही केली."

मग अक्काने पापुद्रा बारीक पॉलिशपेपरने घासायला घेतला, तोही लाकडाच्या रेषेरेषेने. एकदा आडवा ओरखडा गेला, तर तिने सगळं पुन्हा घासलं. पट्टीखाली तो जन्मभर दिसला असता. रूपा कौतुकाने बोट लावायला गेली.

"बेडा, बेडा! नको लावू! घामाच्या हाताने इपॉक्सी धरत नाही."

इपॉक्सी लागलं आणि घासून फिका पडलेला फणस हळदीसारखा खुलला. डागही खुलला, काजळासारखा! वर पट्टी बसली, साच्यात दाब मिळाला, ऊब मिळाली आणि मी बाहेर आलो. अंगाने वाकडा, पण मानेने ताठ.

हुबळीच्या स्पर्धेत अण्णांनी रूपाला अडवलं. "हे त्या डागापाशी मोडणार. चारचौघांत माझी शोभा होईल. दुसरं घे."

"मोडलं तर माझ्या हातात मोडेल, अण्णा."

पहिला बाण भरकटला. मागे कुणीतरी हसलं. रूपाने दुसरा बाण लावला. तिने ओठ दाबले आणि मला कानापर्यंत खेचलं. मीही सगळं बळ एकवटलं. तो बाण लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या वर्तुळात रुतला, त्याच्या पुढचाही. शेवटी तिचा तिसरा नंबर आला. मी मोडलो नाही.

अण्णा स्वतःहून जवळ आले. डागावरून अंगठा फिरवत म्हणाले, "हे क्लबच्या भिंतीवर लावू या. खाली तुझं नाव."

रूपाने माझी दोरी उतरवली, मला कापडी पिशवीत घातलं. "भिंतीवर माझा फोटो लावा, अण्णा. हे मला उद्या सकाळी मैदानावर लागेल."

मित्रांनो, माझ्यासारखं धनुष्य हाती आलं तर काम संपल्यावर त्याची दोरी उतरवा. उन्हातल्या बंद गाडीत त्याला कोंडू नका. बाण न लावता दोरी ताणून कधीही सोडू नका, त्याने आमची हाडं फुटतात. एवढं सांभाळलंत तर आम्ही पिढ्या काढू. पण अंगात जोर असताना आम्हाला शोभेसाठी खुंटीला टांगलंत, तर तिथेही आम्ही कुरकुरत राहू, तुमची झोप मोडेपर्यंत!