उशिरा उमटलेली रेघ

लग्नानंतर तीस वर्षं मी आमच्या फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये काढली. कोरा कागद रसायनात टाकायचा आणि वाट बघायची. आधी काहीच नसतं, मग हळूच भुवई दिसते, मग ओठ. मी घाई केली की हे म्हणायचे, "बाईसाहेब, माणूस यायला वेळ लागतो." त्या वाट बघण्याची मला सवयच लागली होती.

सूनबाईच्या लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती. दर महिन्याला डोळे लावून बसायची बिचारी. त्या महिन्यात तिला दम निघेना. पाळीला तीन दिवस असतानाच तिने घरी गरोदरपणाची तपासणी केली. एकच रेघ आली, म्हणजे नाही. पट्टी कचऱ्यात टाकून ती कामाला गेली.

दुपारी केर भरताना ती पट्टी मला दिसली. उजेडात धरली, तर पहिल्या रेघेशेजारी दुसरी, अगदी फिकट. संध्याकाळी ती दारात येताच मी पट्टी पुढे केली.

"आई, तुम्ही आता माझ्या कचऱ्यातही नाक खुपसणार का?" ती हसत म्हणाली. मग तिने पट्टी पाहिली आणि तिथेच खाली बसली.

"परत करून बघू?"

"कशाला? आहे की समोर. सावकाश उमटली, एवढंच."

नुकताच सुट्टी संपवून बोटीवरच्या नोकरीवर परतलेल्या माझ्या मुलाला तिने लगेच फोन लावला. चार दिवस ती जिना चढतानाही कठडा धरायची. मी तिला बादली उचलू देत नव्हते.

पाचव्या दिवशी सकाळी तिला पाळी आली.

दवाखान्यातल्या नर्सने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "पाळी चुकली की मग करायची तपासणी. आठवडाभर थांबलात तर उत्तम. सकाळची पहिली लघवी घ्यायची आणि पाकिटावर दिलेल्या वेळेतच बघायचं. नंतर दिसते ती रेघ धरायची नाही. पट्टी वाळली की तसं दिसतं कधीकधी."

"म्हणजे राहिलंच नव्हतं?" सूनबाईने विचारलं.

"नक्की सांगता येणार नाही. पण त्या रेघेवरून तरी काही म्हणता येत नाही."

रस्त्यात ती म्हणाली, "गेलं असतं तर गेलं म्हणून रडले असते, आई. आता कशासाठी रडू?"

मी तिची पिशवी घेतली. तिने ती घेऊ दिली.

घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून पडली. मुलाला मीच फोन केला. "चूक माझी आहे. तिला एक शब्द बोलू नकोस."

तो म्हणाला, "जेवली का ती?"

"हो," मी म्हटलं. तिचं ताट तसंच झाकलेलं होतं.