बिनमहाराजांची सेवा

चंद्रप्रभाबाई भूगोल शिकवून निवृत्त झाल्या आणि नेपाळात सेवेला जायचं त्यांनी ठरवलं. त्यावर नांदेडच्या त्यांच्या गल्लीनं एकच प्रश्न विचारला : कोणत्या महाराजांकडं?

“महाराज नाहीत, शाळा आहे. जुमल्याला, पार डोंगरात. तिथं शिकवायला माणूस टिकत नाही.”

गल्लीला हे पटलं नाही. शेजारच्या शरणम्मांनी देवापुढं ठेवायला नारळ आणून दिला. त्यांचं बघून बाकीच्यांनी दिले. दिवाणाखाली पोतं भरलं. यात्रेहून परतल्यावर गल्लीला जेवण घालायचं असतं, त्या मावंद्यासाठी बाईंचे दीर हणमंतराव आचारीही सांगून आले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं; पण हणमंतरावांना विचारावं लागत नाही.

“वहिनी, गावाचं नावच जुमला. फसणार तुम्ही. त्यापेक्षा माहूर काय वाईट हाय? डोंगर हाय, देवी हाय, वरपर्यंत एसटी हाय.”

“एसटी जाते तिथं माझं काय काम, भावजी?”

मुलगा अंबरीश लातूरहून बायकोला घेऊन आला, तो तोडगा घेऊनच. “आई, जुमला रद्द. तुझं पोखऱ्याच्या सेवा-सहलीचं बुकिंग केलंय. वाटेत पशुपतिनाथ. सकाळी तळ्यात होडी, दुपारी अनाथाश्रमात लेकरांना केळी वाटायची, फोटो काढायचे. मराठी जेवण.”

“रोज नवी बस, रोज केळी. त्या लेकरांच्या पोटाचं काय होत असंल रे?”

“तुझे गुडघे बघ आधी!”

“गुडघे माझे आहेत, मी बघते. उभी हयात फळ्यावर हिमालय काढला. एक साहेब तपासणीला आले आणि म्हणाले, बाई, गोगलगाय छान काढलीय. आता खरा बघून शिकवणार.”

सून श्रद्धा चहा घेऊन आली. “बुकिंगवरचं नाव बदलता येतं, आई.”

“मग बदल की.”

“सकाळीच बदललं. काकांचं टाकलंय.”

सासूनं सुनेकडं इतक्या मायेनं पाहिलं, की अंबरीश घाबरला. हणमंतरावांच्या बशीतला चहा तसाच राहिला.

“माझं? मी कशाला?”

“देव हाय, होडी हाय, मराठी जेवण हाय,” चंद्रप्रभाबाई त्यांच्याच चालीत म्हणाल्या, आणि दिवाणाखालचं पोतं त्यांच्यापुढं ओढलं. “हे नारळ तुम्ही न्या. देऊळ तुमच्या वाटेवर हाय.”

“अन् मावंदं?”

“देव बघून येईल त्यानं घालायचं असतं. आचारी तुम्ही सांगितलाच आहे.”

दारातून शरणम्मा हे सगळं ऐकत होत्या. त्या आत आल्या, पोत्यात हात घालून आपला नारळ त्यांनी बरोबर ओळखला.

“ह्यो बाईसंगं जाईल.”

“अहो, तिथं देऊळ नाही माझ्या वाटेवर.”

“हाव, ठाऊक हाय. त्या डोंगरातल्या लेकरांनी समुद्र बघितला असंल का? शिकवताना ह्यो समुद्राकाठचा नारळ दाखवा. मग फोडा.”

चंद्रप्रभाबाईंनी नारळ खडूच्या खोक्याशेजारी पिशवीत ठेवला. निघायच्या दिवशी अंबरीशनं गुपचूप पिशवी उचलून पाहिली. जड होती. मग तोच ती घेऊन दिल्लीच्या गाडीपर्यंत पुढं चालला.