परातीतलं रक्त

मलाइता बेटाच्या किनाऱ्यावर, फौराबूच्या चर्चमागे अख्खं गाव जमलं होतं. तोंडात सुपारी, नजर मांत्रिक हिझकायाबाबाच्या परातीवर. परातीत पिवळं पाणी. बाबा त्याला सूर्यजल म्हणे. वास मात्र हळदीचा होता. त्यानं नेस्टाचं मनगट धरलं आणि आपल्या हातासकट तिचा हात पाण्यात दाबला. पाणी लालभडक झालं.

"रक्त आलं गं," तिची सासू पुटपुटली.

"पडलेलं लेकरू रडतंय," बाबा डोळे फिरवत म्हणाला. "ही रताळ्याच्या मळ्यात वाकली, म्हणून त्यानं पोट सोडलं. अमावास्येआधी ही पोटुशी राहिली नाही, तर ते हिला घेऊन जाईल. आणि एक डुक्कर लागेल. मोठं. आत्मे लहान खात नाहीत."

नेस्टा खाली मान घालून उभी होती. गर्भ पडून तीन आठवडे झाले होते. अजून डोळ्यांपुढे अंधारी यायची. नवरा सायलस डुक्कर आणायला निघालासुद्धा.

होडीनं फिरता दवाखाना घेऊन आलेली सिस्टर मेरीलिन हे बघत होती. तिनं एका वाडग्यात पाण्यात हळद कालवली आणि म्हाताऱ्या मुखियाला म्हणाली, "मामा, जरा बोट बुडवा."

मुखियाचं बोट सुपारीच्या चुन्यानं माखलेलं. पाणी लाल झालं.

"मामा, तुमचा कितव्या महिन्यात पडला?"

मुखियाला ठसका लागला. बायकांना हसू आवरेना.

"हळदीत चुना पडला की ती लाल होते. बाबा, नखं दाखवा बघू."

बाबानं हात काखेत घातले. निघालेला सायलस परत फिरला आणि त्यानं ते ओढून काढले. नखांत चुना.

मग सिस्टर नेस्टाजवळ बसली. "मळ्यात वाकल्यानं गर्भ पडत नसतो. बहुतेकदा तो मुळातच नीट घडलेला नसतो. तुझा दोष नाही. चक्कर येते ना? रक्त तपासू."

"परत दिवस कधी राहतील?"

"पाळी यायच्या आधीही राहू शकतात, गर्भ पडल्यावर दोनेक आठवड्यांतसुद्धा. थांबायचं असेल तर गोळ्या, इंजेक्शन, निरोध, दंडात बसवायची काडी आहे. आजच सुरू करता येईल."

"आणि अमावास्या?" सासूनं विचारलं.

"ती येईल, मावशी. तिला कुणी अडवलंय?"

नेस्टानं सायलसकडे पाहिलं. "मला थांबायचंय."

"थांबू," तो म्हणाला.

मंडळी, बाईला मूल कधी हवं, हे परातीला काय कळणार? बाईला विचारा. तिला शंका असली, तर तिला दवाखान्यात न्या.