टाकीतलं नारळपाणी

इंजिन दोनदा खोकलं आणि पाहुण्यांसमोरच बंद पडलं.

मनस्वीने पुन्हा स्टार्टर दाबला. काही नाही. मग तिने टाकीच्या तळाचा नळ सोडून काचेच्या ग्लासात थोडं इंधन घेतलं आणि उजेडात धरलं. खाली पाण्याचा थर दिसत होता.

"वड्याच्या तेलापासून इंधन बनवायचं म्हणजे हे व्हायचंच," प्रयोगाला पैसे द्यायचे का हे ठरवायला आलेल्या पाहुण्यांतले एक साहेब म्हणाले.

"इंधन धुतल्यावर माझ्याकडूनच पाणी काढायचं राहिलं असेल, सर." मनस्वीच्या पीएचडीची दोन वर्षं त्या टाकीत होती.

चहाचा ट्रे धरून उभ्या असलेल्या जोतीरामने ग्लासातला तो थर पाहिला आणि ट्रे तसाच खाली ठेवला. विद्यापीठाच्या या इंजिन लॅबमध्ये तो वीस वर्षं मदतनीस होता. खंडेनवमीला यंत्रांची पूजा तोच करायचा. घणसोली गावातल्या वड्याच्या गाड्यांवरून तळणाचं जुनं तेलही तोच मनस्वीला आणून द्यायचा, त्यामुळे प्रयोग निम्मा त्याचाच झाला होता. परवा पूजेच्या वेळी पोरीचं काम होऊ दे म्हणून शहाण्याने नारळाचं ओंजळभर पाणी थेट टाकीत ओतलं. नेहमीसारखं लोखंडावर शिंपडलं असतं तर देव काही रुसला नसता.

पाहुणे जाईपर्यंत तो चहाचे कप गोळा करत राहिला. मनस्वी एकटीच टाकी पुसायला बसली तेव्हा मात्र त्याला राहवेना. तो विभागप्रमुख जयप्रकाश सरांच्या केबिनमध्ये गेला.

"सर, पोरीची चूक न्हाई. म्याच टाकीत नारळाचं पाणी घातलं. खंडेनवमीला."

सरांनी चष्मा काढला. "जोतीराम, विचारल्याशिवाय तू कधी साधा बोल्ट ढिला केला नाहीस."

"देवाशपथ, सर."

"शपथा नको घेऊ. तिला वाचवायला बघतोयस, कळतं मला. मन मोठं आहे तुझं. पण साहेबांनी नाही म्हटलं, तिचा प्रयोग बंद झाला आता."

जोतीराम दाराकडे वळला. इतक्या वर्षांत कमावलेल्या चांगल्या नावाची त्याला आज लाज वाटली.

बाहेर मनस्वी दाराशीच होती. डोळे लाल झाले होते.

"ऐकलं मी, काका. माझ्यासाठी एवढं कोण करतं?"

"अगं, खरंच म्याच केलंय ते."

"बस झालं, काका," असं म्हणत ती वाकून त्याच्या पाया पडली. जोतीराम पाय मागे घ्यायला गेला, पण मागे भिंत होती.