कोरडं इंजिन

बाबांच्या माती उकरायच्या टिलरचं इंजिन बदलायचं ठरलं, आणि ते काम मिळालं कुणाला? धाकट्या जावयाला! पावाची गाडी चालवणाऱ्या माणसाला! थोरल्या लेकीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अहो, बोलूनचालून तिचं दुकानच गवत कापायच्या मशीनच्या दुरुस्तीचं. जुनं इंजिन इतकी वर्षं तिनेच तर जगवलं होतं. पण बाबा म्हणाले, तुला दुकानातून उसंत कुठे, जावईबापू हौसेने करतायत तर करू दे.

उसंत नाही म्हणे! विचारून तर बघायचं.

रविवारी ती मुद्दाम बाबांकडे गेली आणि मागच्या दारात पायरीवर बसून राहिली. जावयाने जुनं इंजिन उतरवलं, नवं बसवलं, बोल्ट आवळले, पुली सरळ रेषेत आणून पट्टा चढवला. खोट काढायला जागा नव्हती, हेच तर तिचं दुखणं होतं. बाबा एकेक पाना त्याच्या हातात देत होते आणि वाहवा करत होते. धाकटी तर नवऱ्याकडे अशी बघत होती, जणू विमानच बनवतोय.

मग त्याने पेट्रोल भरलं. तेल मात्र घातलं नाही. नवं इंजिन खोक्यातून कोरडंच येतं, तेल आपण घालायचं असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. थोरली सांगणारच होती. तेवढ्यात बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"जावई कसले, मुलगाच आहात माझे."

झालं! आजवर या घरातला मुलगा म्हणजे ती होती. तिने तोंडात गुळणी धरली. होऊ दे एकदाची फजिती.

दोरीच्या पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं. टिलर माती उकरत अर्ध्या वाफ्यापर्यंत गेला आणि कर्रकन आवाज करून थांबला. पुन्हा दोरी ओढली, तर ती हलेचना. इंजिन जाम झालं होतं.

जावई रडवेला झाला. थोरली उठली, तेल मोजायची कांडी उपसून तिने सगळ्यांना दाखवली. कोरडी ठणठणीत. तिच्या मनात उकळ्या फुटत होत्या. आता बाबा म्हणतील, तुलाच बोलवायला हवं होतं.

बाबांनी कांडीकडे बघितलंच नाही.

"कुणाचंही मशीन दिसलं की तू आधी तेल बघतेस," ते तिला म्हणाले. "आज जवळसुद्धा आली नाहीस."

बाबा जावयाकडे वळले.

"चला, हात धुवा. तुमची काही चूक नाही."