आडव्या म्हसोबाचे टेकाड

आमची जीप टेकावर पोचली तेव्हा रस्त्यात शंभरेक माणसे उभी होती. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसे. दुपारच्या सुट्टीत भाकरी अर्धी टाकून आली होती. जीप आता अडणार हे सगळ्यांना ठाऊक होते. अडलेली जीप देव कशी सोडतो, हे रोज बघूनही त्यांचे मन भरत नव्हते.

तिप्पण्णा ड्रायव्हरने रिवाजाप्रमाणे इंजिन बंद केले, खाली उतरून नारळ फोडला आणि पुन्हा बसून स्टार्टर दाबला. इंजिन नुसते घरघरले. दुसऱ्यांदा दाबला. तेच.

"धरली," गर्दीत कोणीतरी समाधानाने म्हणाले.

शेंदूर फासलेल्या दगडामागून बसलिंगप्पा उठला. पन्नाशीचा, काटक, गळ्यात कवड्यांची माळ. त्याने चारही चाकांभोवती फेरी मारली.

"आडवा पडलाय म्हसोबा. चाकाखाली आडवा. तुमाला दिसणार न्हाय, दिसला आसता तर तुमी हितं खडी फोडली आसती व्हय?" माणसे हसली. "तिप्पण्णा, काल वशाट, मटण-बिटण खाल्लंस?"

"माझ्या बापजाद्यात कुणी खाल्लं न्हाय."

"मग जीपनं खाल्लं आसंल. मिलिटरीची हाय, लई रगत बघिटलंय तिनं. उघड टोपण."

तिप्पण्णाने बॉनेट उघडले. बसलिंगप्पाने मडक्यातल्या पाण्यात तांबडे फडके बुडवले, 'देवाचं वस्त्र' म्हणून इंजिनावर ठेवले आणि तोंडाने काही पुटपुटत वरून तीर्थाची धार धरली. मी घड्याळ बघितले. त्याने अंगारा लावला, जीपची दृष्ट काढली, गर्दीतल्या दोघांना त्यांची पापे विचारली. मग तिप्पण्णाला म्हणाला, "दाब आता." इंजिन सुरू झाले. माणसांनी हात जोडले. बावीस मिनिटे झाली होती.

मागच्या बाकावर डोक्यावर ओला पंचा घेऊन चंद्रव्वा बसली होती. तिला सातवा महिना होता. तिची आई सिद्धम्मा पदराने तिला वारा घालत होती. मला फक्त एका गोष्टीचे नवल वाटले. एवढ्या मोठ्या इंजिनात देवाचे वस्त्र मुठीएवढ्या एका भागावरच ठेवले गेले होते.

हे १९७३ च्या मे महिन्यातले. मंगळवेढ्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून सहा मैल आत असलेल्या गावी मी हायस्कुलात शास्त्र शिकवत होते आणि सिद्धम्माच्या घरात एका खोलीत भाड्याने राहत होते. गावातून सोलापूरला एस.टी. दिवसातून एकदा, सकाळी सातला. ती गेली की उरायची गावचे जमीनदार आबासाहेब यांची जीप; तिप्पण्णा त्यांचाच ड्रायव्हर. त्यांनी ती मिलिटरीच्या लिलावात घेतली होती. पेट्रोलवर चालणारी, पंचवीस वर्षे जुनी.

त्या दिवशी सोलापूरच्या डॉक्टरांनी चंद्रव्वाला तपासले आणि मला बाजूला घेऊन सांगितले, की वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी आहे. कधीही रक्त जाऊ लागेल. गेले तर घरी एक मिनिट थांबायचे नाही, इथे रक्त देण्याची सोय आहे, सरळ इथे आणायचे. मुलीने सोलापुरातच राहावे हे उत्तम. पण सोलापुरात त्यांचे कोणी नव्हते, आणि दारातल्या दोन म्हशींना छावणीतून वैरण आणायला सिद्धम्माशिवाय कोणी नव्हते.

परत येताना मी हिशेब मांडत होते. गाव ते सोलापूर, जीपने सव्वा तास. त्यात टेकावरची बावीस मिनिटे.

सुट्टी होती. मी रोज टेकावर जाऊन लिंबाखाली बसू लागले. खडी फोडणाऱ्या बायकांना वाटले, बाई हजेरी घ्यायला आल्या. मी वहीत वेळ, वाहन आणि किती मिनिटे अडले ते लिहीत होते. दुष्काळ बघायला येणाऱ्या साहेबांच्या जीपा त्या दिवसांत पुष्कळ जात. तीन आठवड्यांत चौदा जीपा टेकावर थांबल्या. अकरा अडल्या. न अडलेल्या तिन्ही सकाळी आठच्या आत आलेल्या होत्या. एस.टी. कधी अडली नाही, ट्रकही नाहीत.

"एस.टी. सरकारची," बसलिंगप्पाने सांगितले. "देव सरकारच्या वाटंला जात न्हाय."

"आणि थंडीत?"

"थंडीत देव निजतो. तुमी निजत न्हाय व्हय?"

खरे तर उत्तर त्याच्या बोलण्यातच होते. एस.टी. आणि ट्रक डिझेलवर चालतात. डिझेल सहजी उकळत नाही, पेट्रोल उकळते. जीप दीड मैलाचा चढ खालच्या गिअरमध्ये चढून येते, इंजिन तापते. ते चालू असेतोवर पंखा वारा घालतो आणि नळीतून ताजे पेट्रोल वाहत राहते. बंद केले की पंखा थांबतो, पेट्रोल जागच्या जागी उभे राहते, आणि शेजारच्या तापलेल्या धुराड्याच्या आचेने पंपात आणि नळीत त्याची वाफ होते. पंप पातळ पदार्थ ओढू शकतो, वाफ ओढू शकत नाही. इंजिनाला पेट्रोल पोचत नाही. थंड झाले की वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. एवढेच.

म्हणजे जीप अडू नये म्हणून जे करायचे, त्यानेच ती अडत होती. चालू इंजिन घेऊन देवापुढून जाणे म्हणजे पायात वहाणा घालून गाभाऱ्यात जाणे, असे गाव मानत होते. म्हणून प्रत्येक जण अगदी चुकीच्या ठिकाणी, अगदी चुकीच्या क्षणी इंजिन बंद करीत होता.

तिप्पण्णाला मी पंप दाखवला. पंपाच्या खाली काचेची छोटी वाटी असते. "अडली की यात बघ," मी म्हटले. पुढच्या खेपेस त्याने बघितले. संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला.

"बाई, बुडबुडं येत्यात. चहाच्या आधणावानी."

"मग?"

"मग काय. पंधरा वर्सं नारळ फोडलं की मी."

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी प्रयोग करायचे ठरवले. माझ्या आयुष्यात मी केलेले हे सर्वात वाईट काम. खडीचे काम तेव्हा टेकाच्या मैलभर पुढे, एका बाभळीपाशी सरकले होते. भर दुपारी तिप्पण्णाने जीप टेकावरून न थांबता नेली. बसलिंगप्पा ओरडत मागे धावला. जीप चालत राहिली. बाभळीपाशी मी तिला थांबवायला सांगितले, इंजिन बंद करायला लावले आणि माणसांना बोलावले. इथे दगड नाही, शेंदूर नाही, म्हसोबा मैलभर मागे आहे, हे सगळ्यांकडून कबूल करून घेतले. मग तिप्पण्णाने स्टार्टर दाबला. इंजिन घरघरले. मी एकेकाला काचेच्या वाटीतले बुडबुडे दाखवले. पोत्याचा तुकडा भिजवून पंपावर ठेवला आणि गप्प उभी राहिले. मंत्र नाही, अंगारा नाही. अकरा मिनिटांनी जीप सुरू झाली.

दोघेतिघे पुन्हा वाटीत डोकावले. मला वाटले, समजले. मग मुकादम कोंडीबाने डोक्यावरचे मुंडासे काढून हातात घेतले.

"म्हंजी देव हितवर आला म्हणायचा," तो म्हणाला. "बाईनं वलांडला, तर मागनं आला."

बसलिंगप्पा धापा टाकत पोचला होता. गर्दी पांगल्यावर तो माझ्याजवळ आला. आवाज वेगळाच होता, दुकानदारासारखा साधा.

"फडकं पंपावर ठिवायचं, कुणी सांगितलं तुमास्नी?"

"तुम्हीच दाखवलंत."

तो हसला. "ब्रह्मदेशात साहेबाच्या गाड्या पुसायचो मी, लढाईत. तितं फडकं ठिवलं की शिव्या मिळायच्या, हितं पाया पडत्यात. तुमी सांगा की लोकास्नी. मी न्हाय आडवत. ऐकणार न्हाईत."

आठवड्याभरात बाभळीखाली एक शेंदरी दगड आला. आता गाड्या दोनदा थांबू लागल्या. बसलिंगप्पा सकाळी टेकावर बसे, दुपारी बाभळीखाली.

मी घरात सिद्धम्माला सगळे समजावले. पातेल्यात पाणी उकळून, वर झाकण ठेवून दाखवले. चंद्रव्वाला समजले. ती हसून म्हणाली, "बाई, म्हंजी जीपला बी धाप लागती." सिद्धम्मा चुलीतली लाकडे मागे ओढत म्हणाली, "तुमचं बरोबर आसंल. पण एक नारळ फोडला तर देवाचं काय जातंय, आन् तुमचं काय जातंय?"

जूनच्या अखेरीस एके दिवशी, पाऊस अजून नव्हता, साडेअकराच्या सुमारास चंद्रव्वा मोरीत ओरडली. मी गेले तर पायाखाली रक्त होते. दहा मिनिटांत तिप्पण्णा जीप घेऊन आला. आम्ही तिला मागे आडवी केली, पायाखाली गोधड्यांची उशी दिली. निघताना मी तिप्पण्णाला एवढेच म्हटले, "कुठेही बंद करायची नाही."

"बाई, आईची आण."

टेकाड आले. सिद्धम्मा पुढे वाकून म्हणाली, "तिप्पण्णा, थांब रे बाबा. नुसता हात जोडते." तिप्पण्णाने मान वळवली नाही. जीप टेकावरून पुढे गेली. सिद्धम्मा मागे वळून हात जोडत राहिली. चंद्रव्वा म्हणाली, "अव्वा, बस की खाली." तोंड पांढरे पडले होते तिचे.

बाभळीपाशी रस्त्यात माणसे होती. अमावास्या होती, माझ्या लक्षात आले नव्हते. तिप्पण्णाने भोंगा वाजवत वेग कमी केला. लोक बाजूला होत होते. आणखी चार हात, की वाट मोकळी होती. त्याच क्षणी सिद्धम्माने पुढच्या दोन बाकांमधून हात घातला आणि किल्ली फिरवली.

"दोनदा वलांडू नका रे," ती रडत म्हणाली. "माझी लेक हाय आत."

इंजिन थांबले. तिप्पण्णाने लगेच स्टार्टर दाबला. घरघर.

मी उतरून बॉनेट उघडले. काचेत बुडबुडे होते. आमच्याजवळ तांब्याभर पाणी होते, ते चंद्रव्वाच्या ओठांना लावायचे. मी तांब्या हातात घेऊन उभी राहिले. तेवढ्यात बसलिंगप्पा मडके घेऊन आला. त्याने आत वाकून बघितले, गोधडीकडे बघितले. एकही मंत्र म्हटला नाही. गळ्यातली माळ मागे टाकून त्याने फडके पिळले, पंपावर ठेवले, दुसरे नळीवर गुंडाळले आणि हाताने वारा घालू लागला.

"लई तापलीया," तो मला हळू म्हणाला. "घाई करून उपेग न्हाय."

गर्दीने हात जोडले होते. कोणी भजन सुरू केले. मी घड्याळ बघत होते. सतरा मिनिटे.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आणले तेव्हा चंद्रव्वाची नाडी लागत होती. वरच्या मजल्यावर नेईपर्यंत लागेनाशी झाली. मूलही गेले. सतरा मिनिटे आधी पोचलो असतो तर ती जगली असती, असे मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणाले नाहीत. मला सतरा मिनिटे माहीत आहेत, त्यापुढचे माहीत नाही.

गावाला मात्र सगळे माहीत होते. बाईने देव एकदा ओलांडला आणि दुसऱ्यांदा ओलांडायला निघाली. सिद्धम्माने वेळेवर थांबवले म्हणून जीप तरी सुटली, नाहीतर सगळीच गेली असती. तिप्पण्णाला आबासाहेबांनी बोलावून घेतले. तो आता दोन्ही ठिकाणी थांबतो, नारळ फोडतो. माझ्यासमोर आला की खाली बघतो.

मी जागा बदलली नाही. सिद्धम्मानेही जा म्हटले नाही. दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी ती माझ्या उंबऱ्यात येऊन बसली.

"बाई, तुमी लबाड बोलत न्हाय, मला ठावं हाय. ते पेट्रोल खरंच उकळतंय?"

मी तपासायच्या वह्या बाजूला ठेवल्या.

"उकळत आसंल, तर किल्ली मी फिरवली," ती म्हणाली. "न्हायतर मग देवानं धरली. मी फिरवली न्हाय, देवानं धरली. एवढं तरी ऱ्हाऊ द्या मला."

मी ते राहू दिले. बाई म्हणून, शेजारीण म्हणून मला दुसरे काही सुचले नाही. शास्त्र शिकवणारी म्हणून मी चुकले असेन. त्या दिवसापासून मी तिच्यापुढे म्हसोबाचे नाव काढलेले नाही, आणि दर अमावास्येला ती बाभळीखाली नारळ घेऊन जाते तेव्हा दार मी लावून घेते.

दोन्ही दगड अजून तिथेच आहेत. बसलिंगप्पा म्हणाला होता, लोक ऐकणार नाहीत. त्याचे म्हणणे खरे ठरले. तरी मी हे लिहिते आहे, कारण वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या हातून अजून कोणी गेलेले नाही. त्यांना हे कळून घेणे सोपे आहे. ज्याचे गेले त्याला खरे सोसत नाही. तो मग जन्मभर दगडाला शेंदूर लावतो, आणि त्याच्याकडे बघून त्याची मुले लावतात. म्हणून आधीच शिकून घ्या.

चढ चढून आलेल्या जुन्या पेट्रोलच्या गाडीचे इंजिन उन्हात लगेच बंद करू नका. ती चालू ठेवा आणि पुढे न्या. बंद पडलीच तर बॉनेट उघडा, काचेच्या वाटीचा पंप शोधा, त्यावर ओले फडके ठेवा आणि थांबा. हात जोडायचे असतील तर जरूर जोडा. चालत्या गाडीतूनही ते जोडता येतात.